मोहरीचं पाणी

बादलीत मोहरीची पूड ढवळते,
पिवळं पाणी लोखंडी चौकटीत ओतते
आणि घड्याळ बघत उकिडवी बसते.
दोन मिनिटं काहीच नाही.
मग माती हलते.
एक. तीन. मग मोजणं चुकतं.
अंगाची आग होत ती वर येतात,
लांब, गुलाबी-तपकिरी, उन्हाला न सरावलेली.
चिमट्यानं उचलते एकेक,
बाटलीवर तारीख लिहिते.

मिनेसोटाच्या उत्तरेला, मेपलच्या या रानात
गांडूळ नव्हतंच.
बर्फाची मैलभर जाड लादी
खालचं सगळं खरवडत गेली, मग वितळली.
झाडं परतली. गांडूळ नाही.
त्याच्यावाचून रानानं संसार मांडला:
यंदाची पानं गेल्या साली पडलेल्यांवर,
कुजायची घाई कुणालाच नाही,
बुरशी पांढऱ्या धाग्यानं वाकळ शिवत बसलेली.

मर्सलीन बेलांजे सांगते,
लहानपणी मेपलचा रस काढायला सगळी इथं यायची.
एकदा आईचा चमचा पातेऱ्यात पडला
तो तिसऱ्या दिवशी सापडला.
"आता सुई पडली तरी दिसेल," म्हणते,
आणि बुटाच्या टाचेनं जमीन ठोकून दाखवते.

शाळेच्या पुस्तकात
गांडूळ शेतकऱ्याचा मित्र होतं.
असेल. शेतात.
मित्राला घर दाखवावं,
कोठीची किल्ली देऊ नये.

पाच-सात उन्हाळ्यांत पातेरा संपतो.
उरते उघडी, काळी, गोळ्यागोळ्यांची माती,
तिच्यावर मेपलची मुळं, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी.
पानांत चुलीसारखं घरटं बांधणारा तो छोटा पक्षी
पलीकडच्या पट्ट्यात गेला,
किंवा नुसताच गेला.
तीन पाकळ्यांची पांढरी फुलं मागच्या मे महिन्यात सत्तावीस.
या मेमध्ये चार,
त्यातलं एक माझ्याच बुटाखाली.

सीमा अगदी स्पष्ट आहे.
एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभं राहता येतं:
डावा रुततो, उजवा वाजतो.
दरवर्षी ती सहा-सात पावलं पुढे सरकते,
मी लाल झेंड्या रोवते.
जुन्या झेंड्या उलट्या मोजत गेलं
तर रेघ थेट तळ्याच्या धक्क्याशी पोचते,
जिथं होड्या उतरवतात.

तिथं माझ्या बापाचं दुकान होतं.
विल्हो कांगस: गळ, दोरी, बिअर,
आणि फ्रिजमध्ये थर्माकोलच्या पेल्यांत
डझनावारी गांडुळं.
रविवारी संध्याकाळी शहरातले लोक
उरलेले पेले काउंटरवर ठेवून निघून जात.
बाप म्हणे, टाकून दे.
मी सहा वर्षांची.
टाकायचं कसं? वळवळत होती.
पेला घेऊन मोठ्या मेपलखाली जाई,
पानं सारून खळगा करी,
एकेकाला आत ठेवी
आणि वर पांघरूण घाली.
जा, झोपा आता.
दर रविवारी.
अकरा उन्हाळे.

विद्यापीठातून आलेली इंग्रिड म्हणते,
तुझं एकटीचं नाही गं ते,
ट्रकच्या चाकांतून येतात, कुंड्यांच्या मातीतून,
रस्ता बांधताना आणलेल्या भरावातून.
खरं आहे. मी मान डोलावते.
धक्क्यावर आता पाटी आहे:
उरलेलं आमिष कचऱ्यात टाका, जमिनीवर नको.
अक्षर माझं आहे. थोडं तिरकं.

मोठ्या मेपलचा शेंडा गेल्या वर्षी वाळला.
त्याच्याखाली चौकट ठेवायला मी तीन वेळा टाळलं,
आज ठेवली.
एकशे चार.

बाटलीत स्पिरिट आहे.
त्यात सोडण्याआधी मी प्रत्येकाला
डब्यातल्या साध्या पाण्यात बुडवून काढते.
इंग्रिडच्या कागदावर ही पायरी नाही.
तिनं विचारलं, तेव्हा सांगितलं,
मोहरी झोंबते ना.